३२ पौंडांची बादली

गेल्या वर्षी जानेवारीत आई आमच्याकडे फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला राहायला आलेली. घरात बसून कंटाळली म्हणून एका शनिवारी सकाळी तिला घेऊन ८२ नंबरच्या रोडने इमोकलीच्या दिशेने निघालो (इमोकली, ब्रोकलीच्या चालीवर म्हणायचं), आणि कडेला टोमॅटोचं शेत दिसल्याबरोबर तिने गाडी बाजूला घ्यायलाच लावली. आई नारायणगावकडची, अर्धा जन्म टोमॅटो तोडण्यात आणि कॅरेट (प्लास्टिकचे क्रेट) भरण्यात गेलेला. समोर नजर जाईल तिथवर बेड, वर प्लास्टिकचं मल्चिंग, झाडांच्या आधाराला ओळीने खुंट्या, शेताच्या टोकाला एक जुनी स्कूलबस उभी, आणि ओळींमधून माणसं खांद्यावर भरलेली बादली घेऊन चक्क पळतायत. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "उक्त्यावर आहेत का रे ही? रोजानं असती तर अशी पळाली नसती."

मी इथे नऊ वर्षं राहतोय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिला पडला कारण तिने स्वतः दोन्ही प्रकारे काम केलंय. तिथून मी वाचायला लागलो आणि जे समजलं ते इथे मांडतोय, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की अमेरिकेत कायदे कडक आहेत तर मजुरांचं बरंच चाललं असणार. कायदे कडक आहेतच, पण शेतमजुराला त्यातून वगळलेलं आहे, आणि ते वगळणं कुणाकडून चुकून झालेलं नाही.

आधी त्या बादलीचं समजून घेऊ. टोमॅटो इथे हिरवे असतानाच तोडतात, नंतर गोदामात इथिलीन गॅस देऊन लाल करतात. बादलीत ३२ पौंड माल बसतो, म्हणजे साडेचौदा किलो, आपल्या २० किलोच्या कॅरेटच्या पाऊण भागाहून थोडा कमी. मजूर वाकून दोन्ही हातांनी तोडत बादली भरतो, खांद्यावर घेतो, ट्रॅक्टर-ट्रेलरपर्यंत पळतो, वर उभ्या असलेल्या माणसाकडे ती फेकतो, तो ती रिकामी करून परत फेकतो आणि सोबत एक टोकन देतो. दिवसाच्या शेवटी जेवढी टोकनं तेवढे पैसे. २०१० च्या सुमाराला एका बादलीला साधारण ५० सेंट मिळायचे, आणि १९८० सालचा भाव बघितला तर तोही जवळपास तेवढाच होता. तीस वर्षं महागाई वाढत गेली, बादली जागच्या जागी.

आता हिशोब करा. तेव्हा तिथलं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर होतं. दहा तासांचे साडेबहात्तर डॉलर होतात, तेवढे कमवायला ५० सेंटच्या भावाने १४५ बादल्या लागतात. १४५ बादल्या म्हणजे दोन हजार शंभर किलो टोमॅटो, एका माणसाने, एका दिवसात. आईला हे घरी येऊन सांगितलं तर ती बोटांवर मोजत म्हणाली, शंभरच्या वर कॅरेट झाले की रे.

आणि त्यातही एक मेख होती. बादली काठापर्यंत भरून चालायची नाही, वर टोमॅटोचा ढीग रचावा लागायचा, शीग लावल्यासारखा. नाहीतर ट्रेलरवरचा माणूस टोकन द्यायचा नाही. म्हणजे दर आठदहा बादल्यांमागे जवळजवळ एक बादली फुकटात. स्पॅनिशमध्ये त्या ढिगाला कोपेते म्हणतात. आपल्याकडे धान्य मोजताना शीग लावून घेणारा सावकार आजीच्या गोष्टींमध्ये असायचा, तोच हा.

तुम्ही म्हणाल की उक्तं काम असलं तरी किमान वेतनाचा कायदा असेलच ना, कमी भरलं तर मालकाने वरचे घालायचे. बरोबर, मोठ्या शेतांना तो कायदा १९६६ च्या दुरुस्तीनंतर लागू झाला. पण गंमत तासांच्या नोंदीत व्हायची. बस पहाटे साडेपाच-सहाला शेतावर आणून सोडणार, पण पानांवर दव असेपर्यंत तोडणी सुरू करता येत नाही, मग ऊन चढेपर्यंत दोन-दोन तास माणसं बांधावर बसून राहणार, आणि मुकादम कागदावर तास लिहिणार पहिली बादली भरल्यापासून. किंवा उलटं, आधी बादल्या मोजायच्या आणि मग किमान वेतनात बरोबर बसतील एवढेच तास मागून लिहायचे. कागद बघितला तर सगळं कायदेशीर.

या मुकादमाला इथे क्रू लीडर म्हणतात, स्पॅनिशमध्ये कोन्त्रातिस्ता, पण मी मुकादमच म्हणणार कारण काम तेच आहे. माणसं तो आणतो, गाडी त्याची, बऱ्याचदा खोली त्याची, पैसे त्याच्या हातून, उसनवारी त्याच्याकडे. बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांची उचल (आगाऊ घेतलेले पैसे, जे कामातून फेडायचे) ज्यांनी जवळून बघितली आहे त्यांना जास्त सांगायला नको. या साखळीचा मालकाला सगळ्यात मोठा फायदा हा की काही झालं तर तो म्हणतो, ही माझी माणसं नाहीतच, मुकादमाची आहेत. आपल्याकडे साखर कारखाना हेच म्हणतो.

आईचा दुसरा प्रश्न होता, बारा तास राबले तर जादाचे देतात का. नाही. अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यानुसार आठवड्याला ४० तासांच्या वर काम झालं की दीडपट पैसे द्यावे लागतात, हॉटेलातल्या वेटरला, गोदामातल्या हमालाला, बहुतेक सगळ्यांना, पण शेतमजुराला नाही. आणि हे का, याचं उत्तर शोधायला ९० वर्षं मागे जावं लागतं. या विषयातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

१९३० चं दशक, मंदी, रूझवेल्ट अध्यक्ष. कामगारांसाठी एकापाठोपाठ मोठे कायदे आले. १९३५ ला युनियन करण्याचा हक्क देणारा वॅग्नर कायदा, त्याच वर्षी सोशल सिक्युरिटी म्हणजे म्हातारपणाची पेन्शन, आणि १९३८ ला किमान वेतन, कामाचे तास आणि ओव्हरटाइमचा कायदा. आज अमेरिकन कामगाराचं म्हणून जे काही आहे त्यातलं बरंचसं या तीन कायद्यांवर उभं आहे. आणि तिन्हीमधून शेतमजूर बाहेर ठेवले गेले. घरकाम करणाऱ्या बायकाही युनियनच्या आणि पेन्शनच्या कायद्यातून नाव घेऊन वगळल्या, आणि वेतनाचं संरक्षणही त्यांना कित्येक वर्षं मिळालं नाही.

का, तर कायदा पास करायला दक्षिणेतल्या राज्यांच्या खासदारांची मतं लागायची, संसदेच्या महत्त्वाच्या कमिट्यांवर तीच मंडळी बसलेली. आणि दक्षिणेत कापसात, तंबाखूत, उसात राबणारे आणि गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बहुतांश कोण? कृष्णवर्णीय. गुलामगिरी जाऊन सत्तर वर्षं झालेली, पण शेतं तीच, मालकांची घराणी बऱ्याच ठिकाणी तीच आणि राबणारे हातही तेच. त्यांना गोऱ्या कामगाराइतकी मजुरी मिळाली तर ती सगळी व्यवस्थाच कोसळली असती. फ्लोरिडाचे खासदार मार्क विलकॉक्स यांनी १९३७ साली वेतनाच्या कायद्यावरच्या चर्चेत उघड सांगितलं की काळ्या आणि गोऱ्या माणसाला एका पातळीवर ठेवून चालणार नाही. हे रेकॉर्डवर आहे. काही अभ्यासक म्हणतात की शेतमालकांची लॉबी आणि छोट्या शेतांच्या नोंदी ठेवण्याची अडचण हीपण कारणं होती, आणि ती होतीच, पण या भाषणानंतर वंशाचा संबंधच नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही.

आता कायद्याचे शब्द बघा. त्यात कुठेही काळा, गोरा, मेक्सिकन असं काही नाही. फक्त "शेतीकामगार" एवढंच लिहिलंय. मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. कामाचं नाव घेतलं की माणूस कोण ते आपोआप कळतं आणि जातीचं नाव घ्यावंच लागत नाही, हे आपण पिढ्यानपिढ्या बघत आलोय.

पुढे काय झालं की दक्षिणेतले कृष्णवर्णीय मजूर हळूहळू उत्तरेकडच्या शहरांत गेले, शेतात यंत्रं आली, आणि जिथे यंत्र चालत नाही, म्हणजे टोमॅटो, स्ट्रॉबेरी, द्राक्षं, लेट्यूस, तिथे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली माणसं आली. माणसं बदलली, फट तशीच राहिली. कृष्णवर्णीयांसाठी ठेवलेली फट लॅटिनो मजुरांना वारशाने मिळाली.

आता ती माणसं आली कशी, हेही थोडं बघू, कारण "बेकायदेशीर घुसले" एवढं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मंदीच्या काळात अमेरिकेने लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना सीमेपलीकडे हाकललं, त्यात अमेरिकेतच जन्मलेले नागरिकही होते. मग दुसरं महायुद्ध आलं, शेतात हात कमी पडले, आणि १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार करून सरकारनेच मजूर बोलावले. या योजनेचं नाव ब्रासेरो, स्पॅनिशमध्ये ब्रासो म्हणजे हात, दंड. १९६४ पर्यंत ती चालली आणि ४६ लाखांच्या आसपास करार झाले. भरती केंद्रावर माणसांना रांगेत उभं करून अंगावर डीडीटी फवारायचे, त्याचे फोटो आहेत, बघवत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले दहा टक्के "गावी गेल्यावर मिळतील" म्हणून कापून घेतले आणि कित्येकांना ते कधीच मिळाले नाहीत. आणि ही योजना चालू असतानाच १९५४ ला कागद नसलेल्यांना पकडून परत पाठवण्याची मोठी मोहीम निघाली, तिचं सरकारी नावच मेक्सिकन लोकांना दिली जाणारी एक शिवी होतं. हंगामाला बोलवायचं, गरज संपली की हाकलायचं, हे तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

आज पीक काढणाऱ्या मजुरांपैकी साधारण चाळीस टक्क्यांकडे कामाचे कागद नाहीत. किमान वेतनाचा कायदा कागद बघत नाही, तो त्यांनाही लागू होतो, पण तक्रार करायची कुणी आणि कुणाच्या भरवशावर? ज्याला रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली तरी छातीत धस्स होतं तो लेबर ऑफिसला फोन लावेल का? अजून एक, लॅटिनो म्हटलं की आपण समजतो सगळे स्पॅनिश बोलणारे. इमोकलीत ग्वाटेमालाचे माया लोक खूप आहेत, कॅलिफोर्नियात मेक्सिकोतल्या वाहाका राज्याकडचे मिश्तेक आणि त्रिकी आदिवासी, त्यांच्यातल्या अनेकांची घरची भाषा वेगळीच असते आणि स्पॅनिश त्यांनाही शिकावी लागते. शेतात स्पॅनिश बोलणारा मुकादमसुद्धा त्यांना खालचं समजतो. म्हणजे उतरंडीत अजून एक पायरी.

मग या फटीतून माणसं लढली कशी? कॅलिफोर्नियातलं डिलेनो, ८ सप्टेंबर १९६५. द्राक्षांच्या बागांत फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिओंग यांच्या पुढाकाराने संप केला, तासाला १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागे २५ सेंट ही मागणी. हे फिलिपिनो लोक गोष्टीतून नेहमी गाळले जातात म्हणून मुद्दाम सांगतोय. आठच दिवसांनी सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात उतरली. आतापर्यंत मालकांचा हुकमी डाव हाच होता, मेक्सिकन संपावर गेले की फिलिपिनो आणायचे आणि फिलिपिनो गेले की मेक्सिकन. दोघं एकत्र आले आणि तो डाव फसला. १९६६ च्या मार्चमध्ये डिलेनो ते राजधानी सॅक्रामेंटो अशी पदयात्रा निघाली, साधारण ५०० किलोमीटर, पंचवीस दिवस, पुढे ग्वादालुपे मातेचं (मेक्सिकन लोकांची मेरी माता) चित्र आणि मागे फोड आलेल्या पायांनी चालणारी माणसं, वाटेतली गावं जेवायला घालतायत. वारी बघितलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचं वाटेल. चावेझ यांच्यावर गांधीजींचा प्रभाव होता हे ते स्वतः सांगायचे, १९६८ मध्ये संपातली माणसं हिंसेकडे वळतायत असं दिसल्यावर त्यांनी २५ दिवसांचं उपोषण केलं.

पण संप फक्त उपोषणाने जिंकला नाही. त्यांनी देशभरातल्या ग्राहकांना सांगितलं, द्राक्षं घेऊ नका, आणि दुकानांसमोर उभे राहिले. आता इथे कायद्याची एक भारी गोष्ट आहे. १९४७ पासून अमेरिकेत युनियनला असा बहिष्कार करायला बंदी आहे, म्हणजे भांडण द्राक्षवाल्या मालकाशी असताना द्राक्षं विकणाऱ्या दुकानावर दबाव आणायचा नाही. पण ही बंदी ज्या कायद्यात आहे त्यातून शेतमजूर आधीच वगळलेले! ज्या फटीने त्यांचे हक्क गेले त्याच फटीने त्यांना हे हत्यार मिळालं, जे कारखान्यातल्या कामगाराकडे नव्हतं. १९७० च्या जुलैत डिलेनोच्या द्राक्ष बागायतदारांनी करारावर सह्या केल्या. १९७५ ला कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना युनियनचा हक्क देणारा स्वतःचा कायदा केला.

या चळवळीची एक बाजू लपवू नये असं मला वाटतं. सत्तरच्या दशकात याच युनियनने संप फोडायला आणलेल्या कागद नसलेल्या मजुरांची नावं इमिग्रेशनला कळवली होती. संपावरच्या माणसाचा राग मला कळतो. पण ती माणसंसुद्धा त्यांच्यासारखीच पोटासाठी आलेली होती.

१९७५ मधलीच अजून एक गोष्ट सांगतो, ती मला फार लागली. एल कोर्तितो म्हणजे "छोटुकलं", आखूड दांड्याची कुदळ, दांडा जेमतेम हातभर. लेट्यूस आणि बीटच्या विरळणीला ती वापरायची सक्ती होती. आपल्याकडे खुरपणी बसून करतात, सरकत सरकत जातात, पाठीला तेवढा तरी आराम. इथे बसायचं नाही, कमरेत दुमडून दिवसभर उभं राहून चालत जायचं. लांब दांड्याची कुदळ मिळत नव्हती का? मिळत होती, दुसऱ्या राज्यांत वापरतही होते. पण आखूड कुदळीचा फायदा हा की पाठ सरळ केलेला माणूस लांबूनसुद्धा लगेच दिसतो, मुकादमाला ओरडायला सोपं. तिशीतच पाठीचे मणके गेलेल्या माणसांबद्दल डॉक्टरांनी साक्षी दिल्या, आणि शेवटी १९७५ ला कॅलिफोर्नियात ती कुदळ बंद झाली. पीक काही बुडालं नाही.

आता परत फ्लोरिडात येऊ. इथे कॅलिफोर्नियासारखा कायदा झालाच नाही. १९९३ ला इमोकलीत काही मजूर चर्चच्या एका खोलीत जमायला लागले, मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि हैतीचे, त्यातून कोअलिशन ऑफ इमोकली वर्कर्स ही संघटना झाली. १९९६ मध्ये एका कोवळ्या पोराला मुकादमाने रक्त येईपर्यंत मारलं, कारण काय तर काम थांबवून पाणी प्यायला गेला. त्याचा तो रक्ताने भिजलेला शर्ट घेऊन शेकडो मजूर रात्री मुकादमाच्या घरावर चालून गेले, घोषणा होती, एकाला मारलंत म्हणजे सगळ्यांना मारलंत. त्या पट्ट्यात असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मुकादमाच्या बसमध्ये कुणी चढेना.

मग संप झाले, सहा जणांनी महिनाभर उपोषण केलं, मागणी एवढीच की मालकांनी बोलायला बसावं. मालक बसले नाहीत. एका मालकाला कुणीतरी विचारलं की बोलायला काय हरकत आहे तर तो म्हणाला, शेती कशी करायची हे ट्रॅक्टर मालकाला सांगत नसतो. मजूर म्हणजे ट्रॅक्टर.

इथे या लोकांनी जो विचार केला तो मला खरंच ग्रेट वाटतो. त्यांनी पाहिलं की मालकसुद्धा वरून दाबला जातोय. फास्टफूडच्या साखळ्या आणि सुपरमार्केटं एकदम प्रचंड माल घेतात, त्यामुळे भाव ते सांगतील तो. मालक त्यांच्यापुढे काही करू शकत नाही, मग तो खाली मजुराला दाबतो. मग मालकाशी डोकं आपटण्यापेक्षा जो भाव ठरवतो त्याच्याकडेच जायचं. २००१ मध्ये टॅको बेल या फास्टफूड साखळीवर बहिष्कार सुरू केला. मागणी काय? पौंडामागे एक सेंट जास्त द्या, आणि तो थेट मजुरापर्यंत पोचू द्या. ३२ पौंडांच्या बादलीला ३२ सेंट. ग्राहकाच्या खिशाला कळणारही नाही, मजुराला मात्र ५० चे ८२. कॉलेजच्या पोरांनी हा विषय उचलला, कित्येक कॅम्पसमधून टॅको बेल हलवायला लावलं, आणि २००५ च्या मार्चमध्ये कंपनीने मान्य केलं. २००७ ला मॅकडोनाल्ड्स, २००८ ला बर्गर किंग.

कंपन्या तयार झाल्या तरी टोमॅटो मालकांची संघटना अडून बसली, जो सदस्य हा जादाचा सेंट मजुराला देईल त्याला एक लाख डॉलर दंड करू म्हणाली! कंपन्यांनी दिलेले पैसे बँकेत पडून राहिले. २०१० च्या नोव्हेंबरात ती भिंत पडली आणि २०११ च्या हंगामापासून फ्लोरिडाच्या जवळपास ९० टक्के टोमॅटोला फेअर फूड प्रोग्रॅम लागू झाला. २०१४ ला वॉलमार्ट आलं. वेंडीज ही बर्गरची साखळी आणि पब्लिक्स ही सुपरमार्केटं मात्र मोर्चे, उपोषणं होऊनही आत आले नाहीत.

हा प्रोग्रॅम चालतो कसा ते नीट समजून घ्या, कारण "आम्ही नैतिक माल घेतो" असं सगळेच म्हणतात. इथे कंपनीने सही केलेला करार कोर्टात चालतो. त्यात लिहिलंय की ज्या शेतावर नियम मोडले जातील आणि सुधारणार नाहीत, त्यांचा माल घ्यायचा नाही. बस्स, एवढंच. मालकाला सरकारी दंडाची भीती फारशी नसते, इन्स्पेक्टर कधीतरी येतो. पण वॉलमार्ट उद्यापासून माल घेणार नाही म्हटलं की पोटात गोळा येतो. मजुरांसाठी चोवीस तास चालू असलेला फोन आहे, उचलणारा त्यांची भाषा बोलतो, तक्रार करणाऱ्याला कामावरून काढलं तर तोच मोठा गुन्हा. हक्क कोणते ते मजूरच मजुरांना शेतावर येऊन सांगतात, आणि त्या वेळेचे पैसे मिळतात. मुकादमाने बाईच्या अंगाला हात लावला तर त्याला काढावंच लागतं, आणि त्याला प्रोग्रॅममधल्या दुसऱ्या शेतावर लगेच ठेवून घेता येत नाही. याआधी बायकांनी हे किती वर्षं मुकाट सोसलं असेल याची कल्पनाही करवत नाही.

आणि बादली. बादली आता काठापर्यंतच भरायची, वरचा ढीग बंद. बसमधून उतरल्या उतरल्या टाइमक्लॉकला कार्ड लागतं, दव सुकेपर्यंत बसलेल्या तासांचेही पैसे. आई म्हणाली, बरं झालं बाई, शीग तरी गेली.

ज्या फ्लोरिडात हे झालं तिथेच आधी काय चालायचं ते एका केसवरून कळेल. २००७ च्या नोव्हेंबरात इमोकलीत काही मजूर एका बंद ट्रकच्या छताची जाळी फोडून बाहेर पळाले. रात्री त्यांना त्यातच कोंडायचे. अंगणातल्या पाण्याच्या पाइपने अंघोळ करायची तर ५ डॉलर, ते कर्जात लिहायचे, आणि कर्ज फिटल्याशिवाय जायचं नाही. मुख्य आरोपींना प्रत्येकी १२ वर्षं शिक्षा झाली. दूर कुठे जंगलात नाही, लोकवस्तीत, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर.

हे सगळं संपलं असं मात्र समजू नका. आता नवा रस्ता एच-टू-ए, म्हणजे हंगामी शेतमजुरांच्या व्हिसाचा आहे. पूर्णपणे कायदेशीर, संख्येवर मर्यादा नाही, २०२३ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास जागा मंजूर झाल्या. आपल्या आयटीवाल्यांना एच-वन-बी माहीत आहे, एका कंपनीला बांधलेलं असण्याचा त्रास काय तो त्यांनी भोगलाय. त्याहून घट्ट गाठ इथे आहे. काम सोडलं तर व्हिसा गेला. खोली मालकाची, गाडी मालकाची, आणि बऱ्याच जणांनी गावाकडे एजंटला पैसे चारलेले असतात, जरी ते घेणं बेकायदा असलं तरी. २०२१ मध्ये जॉर्जियात सरकारनेच आरोपपत्र दाखल केलं, त्यात आहे की या व्हिसावर आणलेल्या मजुरांना नुसत्या हातांनी कांदे उपटायला लावले, बादलीला २० सेंट, आणि बंदुकीचा धाक. आईला कांद्याचं सांगितलं तेव्हा तिने आपली बोटं बघितली.

ओव्हरटाइमचं काही राज्यांनी आपापलं केलं. कॅलिफोर्नियाने २०१६ ला कायदा करून टप्प्याटप्प्याने आठवड्याला ४० तासांवर आणलं, न्यूयॉर्कने २०१९ ला कायदा करून सुरुवात ६० तासांपासून केली. वॉशिंग्टन राज्यात डेअरीतले मजूर कोर्टात गेले आणि २०२० ला तिथल्या सुप्रीम कोर्टात जिंकले, एका न्यायमूर्तींनी वेगळं मत लिहून वगळण्यामागे वंशभेद आहे हे स्पष्ट म्हटलं. पण देशाच्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाचा एक जुना नियम पाडला, ज्यामुळे युनियनवाल्यांना ठराविक वेळ शेतात जाऊन मजुरांशी बोलता यायचं. मालकाच्या जमिनीचा हक्क मोठा ठरला. आणि केंद्राच्या कायद्यातली फट अजून तिथेच आहे. लहान मुलांचंही तसंच, इतर धंद्यांत चालत नाही पण शेतावर बारा वर्षांचं पोर आईबापाच्या परवानगीने शाळा सुटल्यावर मजुरी करू शकतं.

२०२५ च्या जुलैत कॅलिफोर्नियात कामारिलोजवळ एका मोठ्या फार्मवर इमिग्रेशनची धाड पडली, जीव वाचवायला ग्रीनहाऊसच्या छतावर चढलेला एक मजूर खाली पडून गेला. अशा धाडींच्या काळात एखाद्या बाईने पगार कमी दिला म्हणून फोन उचलावा अशी अपेक्षा तरी कशी करायची.

शेवटचं, उन्हाचं. उन्हाने मरण्याचं प्रमाण शेतमजुरांमध्ये इतर कामगारांच्या सुमारे वीसपट असल्याचं सरकारी अभ्यासात आलंय. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये पाणी, सावली आणि विश्रांतीचा नियम केला, देशात पहिला. फ्लोरिडात मायामी-डेड काउंटी (म्हणजे जिल्हा) असाच नियम करू पाहत होती, तर २०२४ मध्ये राज्याने कायदाच केला की कुठल्याही शहराला किंवा काउंटीला उन्हापासून कामगारांना वाचवणारे नियम मालकांवर लादता येणार नाहीत. म्हणजे सावली देण्याची सक्ती करायला बंदी. फेअर फूडच्या शेतांवर मात्र उन्हाळ्यात दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबावंच लागतं, सावलीची गाडी ओळींसोबत पुढे सरकते. शेजारच्या शेतात, त्याच उन्हात, ती नसते.

त्या दिवशी परत येताना आम्ही भाजी घ्यायला थांबलो. तेव्हा मला माहीतच नव्हतं, पण आता आईला फोनवर सांगितलंय की पुढच्या वेळी आलीस की टोमॅटोच्या खोक्यावर बघ, फेअर फूडचं लेबल असलं तर त्यावर खांद्यावर बादली घेतलेल्या बाईचं चित्र असतं. ती म्हणाली, "बादली काठापर्यंतच दाखवलीय ना रे?"